उरलेली रक्कम

विचिटाच्या वसुली कचेरीत अठ्ठावीस वर्षं काढली मी.
माणसं कर का बुडवतात ते मला शिकवू नका.
कुणी गुरं मेव्हण्याच्या नावावर चढवतो,
एकाने तर मेलेल्या चुलत्याला
तीन वर्षं जिवंत ठेवलं होतं, फॉर्मवर.

पण एल्फ्रीडा उन्रू स्वतःहून कळवायची.
दर महिन्याला, निळ्या शाईत, मास्तरीणबाईंच्या अक्षरात:
टेलिफोनचे बारा डॉलर ऐंशी सेंट कंपनीला दिले आहेत.
त्यावरचा लढाईचा कर, एक डॉलर अठ्ठावीस सेंट, दिलेला नाही.
विसरले नाही. देणार नाही.
आपली प्रकृती ठीक असावी.

वर्षाचे पंधरा डॉलर छत्तीस सेंट. दंड धरून सतरा एक्क्याण्णव.
एवढ्यासाठी सरकार माणूस धाडतं का?
धाडतं.
तो माणूस मी.

मॅक्फर्सनच्या पुढे, गहू निघून गेलेलं सपाट रान,
नोव्हेंबरचा वारा दोनदा टोपी घेऊन गेला.
तिने दार उघडलं, हात पिठाचे.
"या, वाट बघत होते,"
जणू मी नळ दुरुस्त करायला आलोय.

एकावर एक बसलेले जोडपाव, आलुबुखाराचा मुरंबा, कॉफी.
जप्तीचा कागद मी बशीच्या बाजूने सरकवला.
तिने चष्मा लावून तो पुरता वाचला.
पुरता वाचणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.
मीही वाचला नव्हता.
"तिसऱ्या ओळीत गाडीचा नंबर चुकलाय,"
म्हणाली, आणि माझ्याच पेनाने नीट केला.

बाई, म्हटलं, सव्वा डॉलरने लढाई थांबत नाही.
"ठाऊक आहे. रस्त्याचे पैसे भरते, शाळेचे भरते.
हे तेवढे माझ्या हातून तिकडे जायला नकोत."
मी फक्त नोकरी करतो, म्हटलं.
"हो ना. अजून एक पाव घ्या."

राखाडी रँबलर. तिने आतून काढून घेतलं
भजनांचं पुस्तक, मांजराची घोंगडी, बियांची एक बरणी.
किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली,
"थंडीत दुसऱ्या गिअरला अडते. दामटू नका."

लिलाव पोस्टाच्या मागच्या आवारात.
तिच्या मंडळीतले वीस-बावीस लोक आले, काळे कोट,
कुणी तोंड उघडेना.
मी आकडा पुकारला. पुन्हा पुकारला. स्वतःचाच आवाज
भिंतीवरून परत आला, न पटलेल्या हुंडीसारखा.
मग मागून: "पंचाण्णव."

क्लाइड हाव्लिक.
ज्याच्या दारावर बारा महिने झेंडा,
ज्याचा पोरगा फेब्रुवारीत पेटीतून आला होता,
पेटी उघडू नका असं लिहून.
सगळ्या माना वळल्या. तिची नाही वळली.

मला वाटलं, तो गाडी तिला परत देईल.
गोष्टींत देतात. त्याने दिली नाही.
रविवारी ती दोन मैल चालत प्रार्थनेला निघायची,
तो त्याच रस्त्याने रँबलर घेऊन जायचा,
थांबायचा नाही;
फक्त तिच्यापाशी आला की इतका हळू व्हायचा
की खडीवरची धूळ उठू नये.

वसुली आणि खर्च वजा जाता
एकाहत्तर डॉलर नऊ सेंट उरले. कायद्याने ते तिचे.
चेक मी धाडला. वटून आला तेव्हा पाठीवर निळी शाई:
तिकडच्या दवाखान्याला, लाकडी पायांसाठी.
आमच्या खतावणीत त्याला परतावा म्हणतात.

डिसेंबरचं पत्र वेळेवर आलं.
टेलिफोनचे बारा डॉलर चाळीस. यंदा बोलणं कमी झालं.
त्यावरचा एक डॉलर चोवीस दिलेला नाही.
ता. क. दुसऱ्या गिअरचं नव्या मालकाला सांगितलंत का?

नव्हतं सांगितलं.
शनिवारी गेलो, सरकारी गाडी न घेता.
हाव्लिक बॉनेट उघडून आत वाकला होता.
मी गिअरचं बोललो.
"ठाऊक आहे," तो म्हणाला, वर न बघता.
"माझ्या पोराला तिनेच शिकवली चालवायला.
ह्याच गाडीत."