नावं ठेवणारी

मी हॉबर्ट स्लेडला नावं ठेवायचे.
गाण्याला नाही हो, गळा चांगलाच होता,
नुकती घडी मोडलेल्या शर्टासारखा.
नावं ठेवायचे म्हणजे खरीच ठेवायचे:
एक माणूस सहा कंपन्यांसाठी गाणार
तर सहा माणसं लागणार, असा तेव्हाचा हिशेब.
न्यूयॉर्क, अकरावा रस्ता, तिसरा मजला,
माझ्यापुढे रेकॉर्डिंगची वही, टाक,
आणि शहराची जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी.
मधलंच कुठलंतरी पान उघडायचं.
बडी ऑर्थ. जेरोम फेनिमोर. टेड मर्लिन.
टेड मर्लिनला तर ओहायोहून मुलींची पत्रं यायची.
उत्तरं मीच लिहायचे.

तो यायचा सकाळी नवाला, ओला ओव्हरकोट,
खिशात उकडलेलं अंडं.
बँड तोवर घामेजलेला; मेण मऊ राहावं म्हणून
खोली भट्टीसारखी तापवलेली असायची.
दीड मिनिट सॅक्सोफोन.
मग त्यानं पुढे यायचं, चाळीस सेकंद गायचं
आणि मागे सरायचं, पाऊल न वाजवता.
त्यासाठी बुटांना नमद्याचे तळवे लावून घेतले होते त्यानं.
चंद्र, डोळे, परत ये, चंद्र.
शब्द हातात पडून दहा मिनिटंही झालेली नसायची.
एका बाजूचे वीस डॉलर, रोख, सही इथे.
सही मात्र स्वतःच्या नावाची,
सावकाश, शाळेतल्या पोरासारखी.

रात्री जर्सीच्या नाचघरात
त्याच्या हाती बँजो देऊन बसवत. तारा रबराच्या.
नुसता गाणारा माणूस स्टेजवर रिकामटेकडा दिसतो,
मालकाला वाटतं पगार फुकट चाललाय.
तीन तास तो न वाजणारा बँजो वाजवायचा.
"बोटं मात्र खरी दुखतात, मिस हौगेन,"
एकदा म्हणाला.

सत्तावीसच्या नोव्हेंबरात
कुणीतरी माझी डिरेक्टरी पळवली.
संथ वॉल्ट्झ, बाजू दुसरी, लेबल अडलेलं,
छापखान्याचा पोरगा दारात खोळंबलेला.
मी लिहिलं: नील्स हौगेन.
माझा भाऊ. अठराच्या ऑक्टोबरात,
आर्गोनच्या जंगलात.
आमच्या घरी त्याचं नाव कुणी काढत नव्हतं.
दहा दिवसांनी ब्रुकलिनच्या दुकानात
ते पंचाहत्तर सेंटना मिळू लागलं.

एक घरी नेली. आईनं चष्मा लावून लेबल वाचलं.
किल्ली दिली, सुई टेकवली.
दीड मिनिट सॅक्सोफोन. मग तो.
ती हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिली,
मोडत राहिली.
संपल्यावर म्हणाली,
"नील्सला गाता येत नव्हतं."
आणि पुन्हा लावली.
मार्चपर्यंत तबकडीच्या खाचा पांढऱ्या पडल्या होत्या.

हॉबर्टला मी हे कधी सांगितलं नाही.
वही म्हणते: आठ वर्षं, अकराशे चार बाजू,
सदतीस नावं, त्यातली एकोणतीस माझी.
त्याचं स्वतःचं दोनदा छापलं,
त्यातलं एकदा चुकीचं.
मग बाजार कोसळला, लोक रेडिओ फुकट ऐकू लागले.
बत्तीसच्या वसंतात शेवटची नोंद,
आणि तिच्याखाली मी सवयीनं आखून ठेवलेल्या
चार कोऱ्या ओळी.

कळलं, की स्क्रँटनला मेव्हण्याच्या दुकानात
बॉयलरचे सुटे भाग विकतो.
एका रविवारनंतर, का कोण जाणे,
मी तिकडचा नंबर मागून घेतला.
"कोण बोलतंय?"
तोच गळा, जरा कोळसा बसलेला.
माझ्या तोंडून निघालं, मिसेस फेनिमोर.
क्षणभर काहीच नाही.
मग मी दोन इंची व्हॉल्व्ह विचारला
आणि त्यानं भाव सांगितला, पूर्ण वाक्यात,
शेवटचा शब्द किंचित लांबवून.
मी तो लिहून घेतला.
आमच्याकडे बॉयलर नव्हताच.