चार आटे

सहमच्या बाजारामागे, खजुराच्या बागा जिथे
समुद्राच्या बाजूने वाळत आल्यात,
हुमैदच्या शेडमध्ये आज तिसरा दिवस
आम्ही एका चाकाची मनधरणी करतोय.

ट्रॅक्टर त्याच्या बापाचा. एक सिलिंडर.
नावाची पाटी गेलेली, हिरवा रंग उरलाय
फक्त जिथे हात पोचत नाही तिथे.
आणि उजव्या अंगाला हे फ्लायव्हील,
बिडाचं, लग्नातल्या परातीहून रुंद.
वजन? डंबर म्हणाला, दोन म्हशी.
मी म्हणालो, एकच. पण गाभण.

बीड मला कळतं.
कोल्हापुरात सात वर्षं साचे भरले,
तिथली काळी वाळू मुठीत दाबली
की बोटांचे ठसे धरून बसायची.
इथली वाळू साच्याला चालत नाही.
फार गोल. मूठ उघडली की विसरते.

येसू मिस्त्री सांगायचा:
नट पूर्ण काढायचा नाही, कधीच नाही.
चार आटे ठेवायचे शाफ्टवर.
चाक विचारून सुटत नसतं.
त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती,
म्हणून आम्ही ऐकायचो.

पहिल्या दिवशी सांध्याला डिझेल पाजलं.
दुसऱ्या दिवशी पुलर लावला,
पान्याच्या शेपटीला चार फुटी पाइप,
पाइपच्या शेपटीला डंबर.
बोल्ट लांबला. चाक जागचं हललं नाही.
आज गॅसने बुंधा तापवला,
पितळेचा ठोकळा धरून घणाचे घाव घातले.
आवाज स्वच्छ येतोय, कुठे तडा नाही,
एवढंच बरं.

दुपारी हुमैद आला, दिशदाशा घोट्यावर उचलून,
तेलाच्या डबक्यांतून वाट काढत.
बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, काट दो.
डंबरने माझ्याकडे पाहिलं.
मी पान्याला हात पुसला (फडकं तिथेच होतं)
आणि म्हणालो, कल.

संध्याकाळी पुलरला अजून पाव फेरा दिला,
जीव खाऊन, शेवटचा,
आणि तसंच सोडलं. ताणावर.
रात्री पोरीचा फोन:
"बाबा, अजून तेच चाक?"
तेच, म्हटलं. तू जेवलीस का.

दोनला धाड झाली.
बंदूक म्हणावी तर बंदूक नाही,
दार म्हणावं तर एवढं दार गावात नाही.
कुत्री उठली, बकऱ्या उठल्या,
डंबर एका पायात चप्पल घालून धावला.
कुणी हात लावलेला नसताना
चाक बोटभर पुढे सरकून
नटाला टेकून उभं होतं,
थकलेला माणूस चौकटीला टेकतो तसं.

सकाळी साखळी लावून उतरवलं, टायरवर आडवं केलं.
शाफ्टवर चावी नव्हतीच.
चावीच्या जागी कानशीचा तुकडा, घासून बसवलेला,
आणि त्याभोवती पत्रा, कात्रीने नीट कापलेला,
दुधाच्या भुकटीच्या डब्याचा.
पुसल्यावर निळ्या रंगात
अर्धी गाय निघाली. मागची अर्धी, शेपटीसकट.

कुणी केलं असेल? स्पेअर पार्टचं जहाज
महिनाभर लांब असताना,
डबा रिकामा व्हायची वाट बघत?
काम तसं चुकीचं. मी असतो तर केलं नसतं.
की केलं असतं.

हुमैदने पत्रा उन्हात धरला.
"हे दूध मी प्यायलोय," एवढंच म्हणाला,
आणि गाय छातीच्या खिशात ठेवली.
पांढऱ्या कापडावर तेल हळूहळू पसरत गेलं.
कापायचं कुणी काढलं नाही.

डंबर चहा आणायला गेला.
नट आता दोन बोटांनी फिरत होता.
काढला, आणि शाफ्टचे आटे नखाने तपासले.
एकाचा माथा चेपलाय.
तीन ठीक आहेत.