मापवही

डॉक्टर गायधनींनी कागदावर पोट काढलं,
पखालीसारखं, जरा वाकडं,
त्यावर उभी रेघ मारून म्हणाले, ही स्लीव्ह.
मला हसूच आलं.
तीस वर्षं जुन्या सिडकोत बाह्या कापतेय,
आता पोटाचीच बाही.

मग दुसरं चित्र. बायपास.
द्वारकेचा उड्डाणपूल बघा, म्हणाले,
अन्न वरून निघून जातं,
खालच्या गर्दीत शिरतच नाही.
हे जुनं. ह्याचे गुण ठाऊक, खोडीही ठाऊक.
गोळ्या मात्र जन्मभर.

तिसरं काढताना त्यांचा हात हलका झाला.
कापायचंच नाही. तोंडातून दोरा आत,
आतल्या आत चुण्या घालायच्या,
दुसऱ्या दिवशी घरी.
नवीन आहे.
किती नवीन?
त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
आमच्याकडे तीन वर्षं.

चुण्या मला कळतात.
कापलेलं कापड जोडलं तरी कापलेलंच,
चुणी उसवता येते.
आपली आपणही उसवते कधी,
भर मांडवात.
म्हणून तर प्रत्येक शिवणीत
दोन बोटं माया ठेवते मी,
बाई वाढली, आटली, तर असावी.

दुकानात येऊन जुन्या मापवह्या काढल्या.
पिंगळेबाई, गंगापूर रोड.
बायपास केला तो नणंदेलाही सांगितला नव्हता,
पण शिंपिणीपासून काय लपवणार?
अठ्ठेचाळीस. सहा महिन्यांनी बेचाळीस.
अडतीस.
छत्तीस, त्या साली मुलीचं लग्न,
येवल्याच्या पैठणीवरचा ब्लाउज दोनदा आत घेतला.
केस गळाले, त्याचं माप वहीत नाही.
मग सदतीस. अडतीस. अडतीस. अडतीस.
अकरा वर्षं. शाई बदललेली, अक्षर बदललेलं,
एक पान चहानं चिकटलेलं.

आणि मृण्मयी धात्रक, सातपूरची, चुण्यांवाली.
चव्वेचाळीस. एकेचाळीस. चाळीस.
खूश आहे पोरगी, परवा मिसळ निम्मी ठेवून उठली.
पुढे पान कोरं.
कोरं पान वाईट नसतं,
त्यावरून कापड बेतता येत नाही एवढंच.

मुलगा म्हणाला, आई,
मोटारीच्या मशीनलाही तू चार वर्षं नाहीच म्हणत होतीस.
खरंय.
पायमशीन भंगारात गेलं तेव्हा
मी त्याचा पट्टा ठेवून घेतला होता, अजून आहे.
मृण्मयीचं दहा वर्षांनी असंच चाळीस निघालं
तर मी स्वतःला मूर्ख म्हणेन.
पण इन्सुलिन टोचून टोचून
माझ्या पोटाची टाचण्यांची उशी झालीय,
रात्री घशाशी आंबट येतं, तीन उशा लागतात,
आणि ह्या दोन्हीला, तुमच्यापुरतं बोलायचं तर,
जुनाच रस्ता बरा, असं डॉक्टर म्हणाले होते.
ते मी मुलाला सांगितलं नाही.
दहा वर्षं थांबायला पोट तयार नाही, एवढंच म्हणाले.

शटर अर्धं ओढल्यावर जुलेखाला म्हटलं, माझं माप घे.
तिनं माझ्याकडे बघितलं.
एवढ्या वह्यांत माझं पान नाही.
मी गाऊन अंदाजानं बेतते, अंदाज नेहमी कमी धरते.
टेप कमरेभोवती आली, साठवर संपली.
तिनं उरलेल्या जागेवर चार बोटं ठेवली,
आकडा बोलली नाही.
पेन्सिलनं लिहू का, काकू?
शाईनं लिही.

मंगळवारी फोन केला. बायपासच करा.
आणि डॉक्टर, आत थोडी माया ठेवा.
ते हसले,
अहो, आम्ही सगळ्यांशी मायेनंच वागतो.
मी समजावत बसले नाही.
लग्नसराईचे चौदा ब्लाउज पडले होते,
काजंबटणं व्हायची होती.