आज नाही दिसला

पहाटे पावणेसहा. येऊरच्या फाटकाशी
सात माणसं, तोफेएवढाल्या पाच लेन्सा,
आणि सातवीतली एक मुलगी, बापानं झोपेतून उठवून आणलेली.
मी जिवली वरठा, राहणार पाटोणपाडा.
गळ्यातल्या कार्डावरचा फोटो घाबरलेला आहे,
त्याच्याकडे बघू नका.
हसतात. चालायला लागतो.

याआधी मी घोडबंदर रोडला
सत्ताविसाव्या मजल्यावर फरशी पुसायची.
तिथून जंगल म्हणजे कोथिंबिरीची जुडी,
धुऊन ओट्यावर निथळत ठेवलेली.
मॅडम म्हणायच्या, काय व्ह्यू आहे ना!
मी म्हणायची, हो.
त्या जुडीत माझी शेळी होती
आणि आईच्या चुलीचा धूर.
तेवढा वरून ओळखू यायचा.

मग बालवाडीच्या खोलीत पिंगुळकर सरांचा वर्ग.
सर म्हणाले, आधी कान, डोळे नंतर.
तीन महिने नुसतं ऐकलं.
तांबटाची टुकटुक, सातभाईंची भांडणं,
कोतवालानं केलेल्या नकला, आणि त्या नकलांतला खरा कोतवाल.
घरी आईला चित्रांचं पुस्तक दाखवलं.
तिच्याकडे पक्ष्यांना नावं कमी, कामं जास्त :
हा ओरडला की राब भाजून झाला पाहिजे,
हे सगळे एकदम गप्प झाले
की बिबट्या खाली उतरलाय, पोरं आत घे.
पुस्तक तिनं परत दिलं. म्हणाली, यात आवाज कुठाय?

पहिल्या वर्षी मी सगळं दाखवायची,
पंगतीत आग्रह करावा तसं.
हळद्या घ्या, सर्पगरुड घ्या,
उंबरावर धनेश आलाय, थोडा तरी घ्या.

श्रावणात ओहोळाच्या काठाला,
लोंबत्या मुळ्यांखाली, एक बीळ सापडलं.
तिबोटी खंड्या.
वजन लिंबाच्या फोडीएवढं.
पेटीतले सगळे खडू वापरून
एकही वाया न घालवता रंगवलेला.
चोचीत सापसुरळी आडवी धरून
बिळात शिरायचा, बाण सुटल्यासारखा.
अकरा जणांना दाखवला.
अकरांतल्या कुणीतरी
फोटोच्या आड येणारं नेचं उपटलं.
नेचंच फक्त.
चौथ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी माती खरवडलेली,
आणि एक निळं पीस, नखाएवढं.
मुंगूस असेल, सर म्हणाले, धामण असेल,
जंगलात होतं असं.
होतं. पण तिथला पडदा
मी काढू दिला होता,
पाचशे रुपये माणशी.

आज टोपीवाले काका मागून येतात.
खिशात छोटा स्पीकर, त्यात त्याची शीळ भरलेली.
जिवलीताई, दोन हजार वेगळे. तिबोटी कुठाय?
दोन हजार म्हणजे पत्र्याचे तीन तुकडे,
गळती बंद.
मी सांगते, स्पीकर नाही लावायचा, पिल्लांचे दिवस आहेत.
आणि ओहोळाकडे पाठ करून उभी राहते :
आज नाही दिसला.
खोटं बोलताना मान खाजवायची माझी सवय.
आईनं बघितलं असतं तर पकडलं असतं.

तेवढ्यात, माझ्या पाठीमागे, अगदी बारीक,
सुईत दोरा ओवल्यासारखी
ती शीळ.

टोपीवाले लेन्स पुसतायत.
मुलीनं मान वळवली.
ओहोळाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
माझ्या मानेवरच्या हाताकडे.
बापानं विचारलं, काय गं, काही दिसलं?
ती म्हणाली, सुतार. तिकडे, वर.
सगळ्या तोफा वर फिरल्या.
खरंच होता तिथं एक सुतार, ऐनावर,
त्यालाही कुणी खोटं पाडू शकलं नसतं.

रात्री इथं टर्फचे दिवे लागतील,
कुठल्यातरी बंगल्यावर लग्नाचा डीजे,
रातव्याला कळायचं नाही रात्र कधी सुरू झाली.
त्याचं काय करायचं ते मला अजून येत नाही.
ग्रामसभेत दोनदा बोलले, दोनदा पाय लटपटले.

फाटकाशी चहा. यादीची वही फिरली.
मुलीनं तेवीस पक्षी लिहिले, अक्षर जरा तिरकं.
अठरा आणि एकोणिसाच्या मध्ये
एक ओळ कोरी सोडली.
मी विचारलं नाही.
वही पिशवीत टाकली
आणि तिला माझ्यातलं अर्धं बिस्किट दिलं.