पहाट नसलेल्या गावात

नुकाका, तू हात वर न करताच म्हणालीस,
"मला जमत नाही."
बाकीचे पाच जण आपापल्या बुटांकडे बघत राहिले.
दृढीकरणाला बारा आठवडे उरलेले,
खिडकीबाहेर सकाळचे दहा आणि ठार अंधार,
हीटरवर वाळणाऱ्या मोज्यांचा वास,
आणि फळ्यावर माझ्या ठसठशीत अक्षरात:
रोज पहाटे देवासोबत थोडा वेळ.

"पहाट कुठली?" तू विचारलंस.
"नोव्हेंबरात गेलेला सूर्य अजून आला नाही.
चार दिवस केलं मी. पाचव्या दिवशी झोपून राहिले.
सहाव्या दिवशी लाज वाटली, बायबल उघडलंच नाही.
मग लाजच उठायला लागली रोज, माझ्याआधी."

मी खडू खाली ठेवला.
उत्तर नव्हतं माझ्याकडे.

शनिवारी तुला कुनूटीसोबत बर्फावर धाडलं
ते काही शिकवायचं म्हणून नव्हे,
त्याला हात कमी पडत होते, इतकंच.
दाढ उपटायला तो शहरात गेलेला,
हेलिकॉप्टर तीन दिवस उडालं नाही,
आणि समुद्राच्या बर्फात त्यानं पाडलेलं भोक
पार बुजून गेलेलं, जसं काही कधी नव्हतंच.

तूच सांगितलंस नंतर:
त्यानं भोकाला शिव्या घातल्या नाहीत,
स्वतःलाही नाही.
गेलेले दिवस बोटांवर मोजले नाहीत.
कुत्री बसवली, पहार उचलली,
ठाण. ठाण. ठाण.
वीतभर बर्फ.
मग काळं पाणी वर आलं, रोखलेला श्वास सुटावा तसं,
आणि त्यात दोर. तसाच.
खोल खोल गेलेला, गळांसकट,
कुणी बघत नसताना
तीन दिवस अंधारात काम करत राहिलेला.
सात हॅलिबट निघाले. आठव्याचं नुसतं डोकं,
बाकीचं शार्कनं नेलं.

"रोज फोडलं तर बोटभर," कुनूटी म्हणाला,
"नाही फोडलं तर वीतभर. एवढाच फरक."
तो देवाबद्दल बोलत नव्हता.
तो चर्चमध्ये येतो नाताळाला आणि मातीला.

मी फळ्यावरचं एकच अक्षर बदललं.
पहाट होती, पहार झाली.

आता तुमच्या घरात सात माणसं,
दार लावून बसायला खोली नाही,
म्हणून तू बसतेस दोन दारांच्या मधल्या गारठ्यात,
बूट, दोर, वाळके मासे लटकतात तिथे,
पालथ्या बादलीवर.
फोन आत चार्जिंगला, टोपीवर बॅटरी.
एक स्तोत्र. कधी अर्धंच.
कधी नुसतं, "प्रभू, आज सांगायला काही नाही,"
आणि मग खरंच काही न सांगता चार मिनिटं.
एकदा भाऊ दार ढकलून तुझ्या पायावर पडला,
तेव्हाची प्रार्थना फारच छोटी होती म्हणालीस.

दिवस चुकतात. चुकू देत.
मंगळवारी तुझा मेसेज आला: काल वीतभर होतं.
मी लिहिलं: पहार आहे ना?

आणि तुला एक सांगायचं राहिलं.
त्या दिवशी तू बोललीस तेव्हा
मलाही नऊ दिवस झाले होते.
तुम्हाला शिकवण्यापुरतं वाचत होते मी,
पंगतीत वाढत फिरणारी, स्वतः न जेवलेली.
त्रेपन्न वर्षांची बाई, आणि बर्फ तुझ्याहून जाड.
आता पाचला उठते, मासळीच्या कारखान्यात जाण्याआधी,
हातमोजे मांडीवर ठेवून बसते.
हात गार पडतात. आवाज घोगरा असतो.
खाली दोर असतो.

पुढच्या आठवड्यात सूर्य येईल म्हणतात, जेमतेम काठभर.
सगळं गाव टेकडीवर जाईल, आपणही जाऊ.
पण त्याची वाट बघत बसू नकोस,
तो आला तरी भोक रोज रात्री गोठणारच.

बाकी काय? कुनूटीला विचार,
पुढच्या खेपेला एक डोकं माझ्यासाठी ठेवेल का.
रस्सा करायचाय. तूही ये.