काय खाल्लं वो, भागरता

मंगळवारच्या बाजारात सुक्या मासळीच्या ओळीत बसले
की पहिला प्रश्न हाच.
विमान कसं होतं ते कोणी विचारत नाही.
"काय खाल्लं वो बाई तिथं? साप खातेत म्हनतात?"

साप नाही दिसला, बाप्पा.
नऊ दिवस होतो आम्ही, मच्छीमार सोसायटीच्या तीन बाया
आणि एक साहेब, ज्यानं घरून चिवडा नेला होता
आणि नवव्या दिवशीही चिवडाच खाल्ला.

त्या बंदरगावाचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही.
उतरता रस्ता, रस्त्याच्या शेवटी पाणी,
आणि दिवस बुडला की कागदी कंदील लावून गाडे.
एकावर आप्प्यांसारखं बिडाचं पात्र,
पोरगा दोन सुयांनी गोळे फिरवत होता
इतक्या लवकर की माझे डोळे मागे राहिले.
आत आठ पायांच्या जनावराचा तुकडा.
वरून त्यानं वाळल्या मासळीचा कीस टाकला,
रंधा मारल्यासारखा पातळ,
तो वाफेवर हलायला लागला.
पारबता ओरडली, "जित्ता हाये वो!"
अख्खा गाडा हसला. काय कळलं त्यांना कोण जाणे.
जीभ पोळली ती दोन दिवस.

एक सोयाबीन होतं, तार सुटलेलं.
आमच्याकडं असं निघालं तर म्हशीपुढंही टाकत नाहीत.
तीन घास खाल्ले. चौथा नाही. खोटं कशाला सांगू.

रताळं मात्र रताळंच.
गरम गोट्यांत भाजलेलं, कागदात गुंडाळून दिलं,
किंमत ऐकून हातातून पडता पडता राहिलं.

पण सांगायचं आहे ते दुसरंच.

सातव्या दिवशी पहाटे एका गल्लीत वास आला.
पाय आपोआप वळले.
मायच्या लुगड्याचा वास. फाल्गुनात
तलाव आटत आला की तट्ट्यावर पसरलेले झिंगे,
मी काठी घेऊन कावळे हाकायची.
याच वासापायी साकोलीच्या गाडीत
कंडक्टर म्हणायचा, "टोपली टपावर,"
आणि शाळेत माझ्या बाकावर जागा कायम रिकामी.

इथं तो अख्ख्या गल्लीला होता.
इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं रांग लावून उभी,
हातात वाडगे,
कोणाच्याच नाकाला रुमाल नाही.

गाड्यामागं एक म्हातारी.
तिच्या बोटांवर बारीक चिरे, काट्यांचे, जुने.
मी माझा हात शेजारी धरला. ती हसली नाही, नीट पाहिलं.
मग मी पुडी काढली,
लुगड्याच्या घडीत लपवून नेलेली
(साहेबाला अजून माहीत नाही).
तिनं हुंगली. डोळे मिटले. काहीतरी पुटपुटली.
दुभाषी पोरगी म्हणाली, "विचारते आहे, हा कुठला समुद्र?"

आता समुद्र कुठून आणू?
म्हटलं, सांग तिला, तलाव आहे.
कोहळ्यांनी पाळ घालून बांधलेला.
पावसानं भरतो, कमळं असतात,
हिवाळ्यात पाखरं येतात कुठून कुठून.
पोरगी बराच वेळ बोलत राहिली,
मी सांगितलं त्याहून जास्त.

म्हातारीनं चिमूटभर झिंगे वाडग्यात टाकले,
वर उकळतं पाणी. थांबली.
फुंकर न घालता प्यायली.
मग तोच वाडगा माझ्यापुढं केला,
उष्टा. मी घेतला.

चव विचारू नका.
गरम पाणी होतं, आणि तळाशी थोडी रेती,
आमच्याच घाटाची.

आल्यावर पहिल्याच मंगळवारी
टोपली मांडीवर घेऊन बसले गाडीत.
कंडक्टरनं पाहिलं. मीही पाहिलं.
तिकीट फाडून तो पुढं गेला.

"आयकलं वो सारं," समोरची बाई म्हणते,
पिशवी उघडून कधीची उभी,
"मंग झिंगे कसे देल्ले?
जपानचा भाव नोको लावू मले."

मी तागडी उचलते.
पावशेर का अर्धा, ते सांग.