नावं घे

सरांनी शिकवलं होतं :
एका स्लाइडवर एकच गोष्ट,
पडद्याशी नाही, माणसांशी बोल,
आणि दहा मिनिटं म्हणजे दहाच.
गोंदियाला जमलं सगळं. टाळ्याही पडल्या.

इथं समाजमंदिरात
खतकंपनीचं बॅनर उलटं टांगून पडदा केलेला.
सतरंजीवर ढिवर सोसायटी,
दारात बायका, तळ्यातून थेट आलेल्या,
पोटऱ्यांवर चिखल वाळत चाललेला.
चौथ्या स्लाइडलाच लाइन गेली.

मी बोलत राहिले :
"मत्स्यप्रजातींची विविधता घटल्याचं आढळतं..."
सायत्राबाई वलथरे म्हणाली,
"नावं घे ना वं पोरी. कोन कोन गेले?"

घेतली नावं. पाठ नव्हती,
तरी आली एकेक करून.
दाडक.
अंधारातून कुणी म्हणालं, हव.
शिंगी.
"बारतिनीले देत होतो आमी."
मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.
सरांनी शिकवलेला पॉज
एवढा लांब नव्हता.

वांब, मी म्हटलं. तीन वर्षांत एकदाही नाही.
"आहे!"
भिंतीपासून घसा खाकरला.
मंसाराम, जो मोजणीच्या दिवसांत
माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.
"गेटाच्या दगडाखाली. परवाच हाताले लागली.
तुवा तिथं जाळं टाकलंच कुठं?"

खरंच, नव्हतं टाकलं.

लाइन आली तेव्हा भिंतीवर
चौथीच स्लाइड, निळी, नीटनेटकी,
एक रेघ चुकलेली.
हॉल रिकामा.
बॅटऱ्यांचे उजेड पाळीवरून निघालेले,
आणि मी दाराशी
माझी दुसरी चप्पल शोधत.